विंचवाची कळ थांबली, धोका टळला नाही



मागील उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील नऊ वर्षांच्या एका मुलाला जळण उपसताना विंचू चावला. शेजाऱ्यांनी मांत्रिक बोलावला. थोड्या वेळाने कळ कमी झाली, तेव्हा "विंचू उतरला" म्हणून सगळे निर्धास्त झाले. पण पोराला उलट्या सुरू झाल्या, अंग घामाने भिजले, हातपाय गार पडले. तेव्हा कुठे आम्ही त्याला जीपमध्ये घालून नंदुरबारला नेले. पोरगा वाचला. त्या रात्री आम्ही जे शिकलो, ते घरोघरी पोहोचावे म्हणून हा मजकूर.

विंचवाचे, विशेषतः लाल विंचवाचे, विष मज्जातंतूंना चेतवते. अंगात ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन या संप्रेरकांचा पूर येतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. त्या पेशींवर जणू कुलपे असतात आणि संप्रेरक ही त्यांची किल्ली. किल्ली फिरली की पेशीच्या आत एकामागून एक निरोप जातात, साठवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि स्नायू आवळतो. वाहिन्या अरुंद होतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. अरुंद वाटेने रक्त ढकलताना हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. जागेवरची कळ थांबली तरी आत हे चालूच असते.

यावर उपाय शोधला तो रायगड जिल्ह्यातील महाड भागात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले. ते कुलपात आधीच जाऊन बसते, मग किल्ली लागत नाही आणि वाहिन्या सैल होतात. १९८६ साली हे 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही त्यांनी २०११ साली दाखवले. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा आमची विनंती एवढीच. चावल्या जागी चिरा देऊ नका, मंत्र-अंगाऱ्यात वेळ घालवू नका. उलटी, घाम, गार हातपाय दिसण्याची वाट न पाहता, मूल असेल तर लगेच, दवाखाना गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. गोळी मनाने देऊ नका, डोस डॉक्टरच ठरवतील. गोळी दिल्यावर रुग्णाला एकदम उठवून बसवू नका, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. आणि जळण, विटा, गोवऱ्या उचलण्यापूर्वी काठीने हलवून पाहा, पोरांनाही तेच शिकवा.