वस्त्रविद्या शाळेत का नको?

आपल्या दिलसुखनगरच्या हमरस्त्याने सायंकाळी फेरफटका मारला, तर कापडदुकानांची रांग संपता संपत नाही. सणाला एक सदरा, वाढदिवसाला दुसरा, आणि वर्ष सरण्यापूर्वीच त्यांतील एखादा अडगळीत पडतो. कापसाच्या शेतापासून हिशेब धरला, तर एका सुती टी-शर्टला सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज सांगितला जातो. हे पाणी आपण अडगळीत टाकतो, याची जाणीव आपणांस कोणी करून दिली आहे काय?

निसर्गाला न ओरबाडता वस्त्रे कशी निर्मावीत, याचे अध्ययन व संशोधन आज उच्च शिक्षणात होऊ लागले आहे. आपल्या शहरातही माधापूर येथे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. तथापि तेथे पोहोचणारे विद्यार्थी मूठभर. कपडे वापरणारे मात्र आपण सर्वच. म्हणून या विद्येचा प्रारंभ शाळेतच व्हावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

संशोधन केवळ पदवीधरांचे काम, हाही एक भ्रमच. येथून चाळीसएक किलोमीटरवर पोचमपल्ली आहे. त्या परिसरात सूत आधी बांधून रंगवितात आणि मगच मागावर विणतात. त्या पूर्वतयारीत ‘आसू’ नावाचे एक काम असते. अर्धवर्तुळात रोवलेल्या खुंट्यांभोवती सूत गुंडाळताना एका साडीसाठी हात सुमारे ९,००० वेळा हलवावा लागे. हे कष्ट बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येत. आलेर परिसरातील चिंतकिंदी मल्लेशम् यांनी सहावीनंतर शाळा सोडली होती. पण आईचा दुखरा खांदा त्यांना पाहवेना. १९९२ पासून खटपट करून १९९९ मध्ये त्यांनी आसूचे यंत्र सिद्ध केले व त्यास आईचेच, लक्ष्मी हे नाव दिले. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भूमी आणि जल यांच्याइतकीच विणणाऱ्याच्या देहाचीही काळजी वाहते, तेच खरे तंत्रज्ञान, हा या कथेचा बोध होय.

१९३७ मध्ये वर्धा येथे महात्माजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. आज प्रत्येकाच्या हाती टकळी द्यावी, असे माझे म्हणणे नाही. आधीच विषयांचे ओझे थोडे का आहे, असेही कोणी विचारील. परंतु हा नवा विषय नव्हेच. रंग पक्का का बसतो, हे रसायनशास्त्र. नक्षीसाठी धागे मोजणे, हे गणित. आणि कापूस कोठे पिकतो, हा भूगोल. कलाशाखेची पदवी घेतलेल्या मला काव्यातील वस्त्राच्या उपमा उलगडून सांगता येत होत्या. आसू म्हणजे काय, हे मात्र परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या शिक्षणातील ही उणीव तुमच्या वाट्याला येऊ नये.

विणकराच्या मुलाला घरची कला ही ‘विद्या’ वाटत नाही, कारण शाळेने तिला तसे कधी म्हटलेच नाही. म्हणून वर्षातून एक सहल मागापर्यंत जावी आणि आठवड्यातील एक तास रफू, शिवण व जुन्या वस्त्राच्या नव्या उपयोगासाठी राखावा. मुलींसाठी आणि मुलांसाठीही.

विद्यार्थिमित्रहो, तोवर एक करा. फाटलेला सदरा टाकण्यापूर्वी सुईत दोरा ओवून पाहा. वस्त्रविद्येचा पहिला धडा तेथेच आहे.