सवलतीचा अर्ज बिलाच्या दिवशी नको, भरतीच्या दिवशी हवा

एप्रिल 2025 मध्ये पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयावर गर्भवती महिलेच्या उपचारांआधी 10 लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. त्या महिलेचा पुढे दुसरीकडे मृत्यू झाला. चौकश्या झाल्या, आंदोलने झाली. त्यानंतर बऱ्याच लोकांना पहिल्यांदाच कळले, की मोठमोठ्या काचेच्या इमारतींतली अनेक रुग्णालये कागदोपत्री ‘धर्मादाय’ आहेत आणि तिथे गरीब रुग्णांसाठी खाटा राखीव असतात.

हा नियम नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना 2006 पासून लागू आहे. त्याला आधार आहे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 ‘कक’चा. धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ नावाच्या वेगळ्या खात्यात जमा करायची असते. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल गटात. म्हणजे रिक्षा चालवणारा, दुकानात काम करणारी, छोटी नोकरी करणारा असे कितीतरी लोक यात बसतात. पण त्यांना स्वतःला ते ‘गरीब योजनेतले’ वाटत नाहीत, म्हणून ते विचारतही नाहीत.

मग अडते कुठे? माझ्या दवाखान्यातून पुढे पाठवलेल्या रुग्णांकडून जे ऐकतो त्यावरून सांगतो. अडते ते वेळेवर.

भरतीच्या वेळी नातेवाइकांसमोर जो कागद येतो तो अनामत रकमेचा. सवलतीचा विषय निघतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी, बिलाचा आकडा बघून घरचे हादरल्यावर. तेव्हा कोणीतरी सांगते, ‘समाजसेवा अधीक्षकांना भेटा.’ ते दुपारनंतर नसतात, रविवारी तर नाहीतच. भेटले की तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागतात. दाखल्यासाठी गावी जायचे, सेतू केंद्रात अर्ज करायचा, तलाठ्याची सही घ्यायची. रुग्णाजवळ थांबणारा एकच माणूस असेल तर त्याने नक्की कुठे थांबायचे? दाखला हातात येईपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो आणि दागिने गहाण पडलेले असतात.

खरे तर योजनेत पडताळणीसाठी फक्त तहसीलदारांच्या दाखल्याचा उल्लेख नाही. शिधापत्रिका आणि दारिद्र्यरेषेखालील कार्डही त्यात आहे. शिवाय तातडीच्या स्थितीत रुग्णाला लगेच दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि निर्धन रुग्णाकडून अनामत घ्यायची नाही, असे योजनाच सांगते. माझ्या मते यातून मार्ग सोपा आहे. भरतीच्या अर्जावरच उत्पन्नाचा एक रकाना असावा आणि तो प्रत्येकाला विचारावा. शिधापत्रिका पाहून तात्पुरती सवलत सुरू करावी, दाखला मागाहून घ्यावा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. सरकारी योजनेला जे जमते ते धर्मादाय खाटांना का जमू नये?

अमेरिकेत ना-नफा रुग्णालयांना याबाबत वेगळा नियम आहे. तिथे घरी गेल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत रुग्ण सवलतीचा अर्ज करू शकतो आणि बिलावरच त्याची सूचना छापावी लागते. तिथली आरोग्यव्यवस्था आदर्श आहे असे मुळीच नाही, पण ही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे.

रुग्णालयांची बाजूही आहे. ‘निधी संपला’ हे उत्तर नेहमीच खोटे नसते. इम्प्लांट, महागडी औषधे, दीर्घकाळचा अतिदक्षता विभाग यांत 2 टक्के झपाट्याने संपतात. पण निधी किती जमला, किती खर्च झाला, आज किती खाटा रिकाम्या आहेत, हे दारातच लिहिलेले असेल तर संशयाला जागा उरत नाही. पाटीवर ‘धर्मादाय’ शब्द लिहिण्याचे आदेश निघाले आहेत. तो शब्द वाचून आत आलेल्या माणसाने कोणत्या खिडकीवर जायचे, हेही पाटीवर हवे.

तोपर्यंत तुम्ही काय करावे?

नियोजित शस्त्रक्रिया असेल तर उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. शिधापत्रिका आणि आधार कार्डाचे फोटो घरातल्या किमान दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला विचारा, की हा आजार जन आरोग्य योजनेत बसतो का. 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिचे दार खुले आहे आणि संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब 5 लाखांपर्यंत आहे. योजनेची मदतवाहिनी 155388. आजार बसत नसेल किंवा रुग्णालय त्या योजनेत नसेल, तर धर्मादाय खाटेसाठी भरतीच्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा, कारण तोंडी नकारावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार टिकवणे अवघड जाते. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही रुग्ण दाखल असतानाच करायचा असतो. त्याला डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते, ते राउंडच्या वेळीच मागून घ्या.

आणि रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर निदानाखाली एक ओळ वाढवावी: ‘धर्मादाय योजनेसाठी पात्रता तपासावी.’ ती ओळ बघून भरती विभागातला माणूस निदान प्रश्न तरी विचारतो.