आत्याचा हलवा आणि चार मिनिटांची फिल्म

बडोद्याला दांडिया बाजारात माझी आत्या राहते. वय ७६. दर वर्षी संक्रांतीआधी ती घरी हलवा करते आणि त्याचे दागिने बनवते. नातेवाइकांत कुणाची सून पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसणार असेल किंवा कुणाच्या बाळाचं बोरन्हाण असेल, तर हार, बिंदी, मुकुट आत्याकडूनच जातो.

मागच्या वर्षी मी इंदूरहून मुद्दाम गेले आणि फोनवर तिचे जवळपास दोन तासांचे व्हिडिओ काढून आणले. घरी येऊन पाहिले तर डोक्याला हात लावायची वेळ आली. पंख्याची घरघर, शेजारच्या खोलीतली मालिका, आणि सगळ्यात मोठा आवाज माझाच, "वा! मस्त! आत्या, इकडे बघ ना!" काही व्हिडिओ आडवे, काही उभे. आत्या पाकाबद्दल काय सांगत होती, ते कुठेच नीट ऐकू येत नव्हतं.

या वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचा फोन आला. म्हणाली, "बोटं फार दुखतात गं. यंदा करते, पुढच्या वर्षाचं काही सांगवत नाही." तेव्हा ठरवलं, या वेळी नीट शिकून जायचं. सोबत माझी चौदा वर्षांची लेक होती. आम्हा दोघींना वर्षभरात जे समजलं, ते या महिन्याच्या सदरात तुमच्यासाठी.

आधी कागद, मग कॅमेरा

पहिला प्रश्न स्वतःला विचारा, ही फिल्म कशाबद्दल आहे? उत्तर एका वाक्यात यायला हवं. मी आधी लिहिलं, 'आत्या आणि तिचा हलवा.' लेक म्हणाली, "आई, हे तर नाव झालं." मग लिहिलं, 'हलव्याला काटा यायला चार दिवस लागतात आणि तेवढे दिवस आत्या शेगडीपासून हलत नाही.' आता काय चित्रित करायचं ते आपोआप दिसू लागलं.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'काय दिसेल', उजवीकडे 'काय ऐकू येईल'. आमच्या पहिल्या ओळीत डावीकडे होतं, 'परातीत तीळ, आत्याची बोटं'. उजवीकडे, 'तीळ सळसळल्याचा आवाज, बोलणं नाही'. अशा पंधरा ओळी झाल्या की तुमची पटकथा तयार.

प्रत्येक कामाचे तीन शॉट ठरवा. लांबून : अख्खं स्वयंपाकघर दिसेल असा. मधला : आत्या कमरेपासून वर. जवळून : फक्त बोटं आणि परात. हे तीन हाताशी असले की संकलनात, म्हणजे एडिटिंगमध्ये, अडत नाही.

काटा दाखवायचा कसा, हा मोठा प्रश्न होता. गरम परातीत तीळ किंवा साबुदाणा घेतात, त्यावर चमचा-चमचा एकतारी पाक सोडतात आणि मंद आचेवर बोटांनी सतत हलवत राहतात. साखरेचा एकेक थर चढत काटा फुलतो, पण तो फुलताना डोळ्यांना दिसत नाही. इथे मला दादासाहेब फाळके आठवले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. त्याआधी, १९१२ मध्ये, भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी 'अंकुराची वाढ' ही छोटीशी फिल्म केली होती. बी रुजून रोप वर येताना ते रोज थोडं थोडं चित्रित करत गेले आणि पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसलं. त्या काळात फिल्मला छिद्रं पाडणं, ती धुणं ही कामं घरी सरस्वतीबाई करत. फाळके शिकले होते बडोद्याच्याच कलाभवनात, हे आत्याला सांगितलं तर म्हणाली, "मग तुम्हाला जमायलाच हवं."

आम्ही तीच युक्ती वापरली. ओट्यावर चिकटपट्टीने दोन खुणा केल्या, एक परातीसाठी, एक स्टँडसाठी. चारही दिवस सकाळी अकरा वाजता त्याच जागेवरून दहा सेकंदांचा शॉट घेतला.

शूटिंगच्या दिवशी

फोन विमान मोडवर टाका, लेन्स मऊ कापडाने पुसा. स्वयंपाकघरात लेन्सवर हमखास तेलकट बोट उमटलेलं असतं. फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकतर आडवा धरा, नाहीतर उभा. पडद्यावर विषयाच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड पक्के होतात, चित्र मध्येच काळं-पांढरं होत नाही. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर ठेवा.

उजेड खिडकीचा, आणि तो बाजूने येऊ द्या. व्यक्तीच्या पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा पडतो. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्यात सोय असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. सोय नसेल तर दिवा बंद करून खिडकीपाशी जा.

शेगडीच्या ज्या बाजूला पहिल्यांदा उभ्या राहिलात, त्याच बाजूने शूट करा. मध्येच पलीकडे गेलात तर आत्याचं तोंड एका शॉटमध्ये डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे दिसतं आणि बघणारा गोंधळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आवाज. हलणारं चित्र लोक चालवून घेतात, न समजणारं बोलणं नाही. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद. फ्रिजही थोडा वेळ बंद ठेवला तर चालतो, फक्त पुन्हा सुरू करायला विसरू नका. वेगळा माइक नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून वापरा. लेकीचा फोन आम्ही आत्याजवळ, डब्याच्या आडोशाला ठेवला. दोन्ही फोन सुरू झाले की एक टाळी वाजवायची. संकलनात ती टाळी जुळवली की आवाज आणि चित्र जुळतं. शेवटी कुणीही न बोलता खोलीचा एक मिनिट आवाज घ्या. दोन वाक्यांमधल्या फटी बुजवायला तो लागतो.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी फजिती झालीच. हौसेने मी ४के ठेवलं होतं. नेहमीच्या १०८०पीच्या चौपट ठिपके त्यात असतात, फाइलही तशीच फुगते. आत्या पाक तपासत होती, दोन बोटांत तार धरून दाखवत होती, आणि फोनवर संदेश आला, जागा संपली. पाक काही थांबत नाही. तो शॉट तिसऱ्या दिवशी घ्यावा लागला. तेव्हापासून आम्ही १०८०पीवरच आहोत.

प्रश्न विचारून गप्प बसा

दिग्दर्शन म्हणजे 'ॲक्शन' ओरडणं, असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ते निम्मंअधिक गप्प बसणं निघालं. 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येईल असे प्रश्न टाळा. "तुला हे आवडतं का?" याऐवजी "पहिल्यांदा हलवा केलास तो दिवस सांग" असं विचारा. उत्तर संपलं असं वाटलं तरी पाच सेकंद थांबा.

तिसऱ्या दिवशी मी तशीच थांबले. आत्या परातीकडे बघत म्हणाली, "सासूबाईंनी तीस वर्षं माझ्या हातचा हलवा वाटला. चांगला झालाय असं एकदाही म्हणाल्या नाहीत." आणि पदराने डोळे टिपून पुन्हा पाक सोडू लागली.

कात्री

घरी आल्यावर आधी सगळ्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मग सगळं एकदा शांतपणे बघा आणि वहीत लिहा, कुठल्या फाइलमध्ये, कितव्या मिनिटाला काय आहे. फोनवरचं साधं एडिटिंग ॲप पुरतं. संगणक असेल तर 'दाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्तीही चांगली आहे.

आधी आवाज लावा. आत्याचं बोलणं क्रमाने जोडलं, अडखळणं काढलं, दोन तासांतून साडेतीन मिनिटं उरली. मग त्यावर चित्रं बसवली. जिथे बोलणं कापलं, तिथे बोटांचा जवळचा शॉट टाकला की सांधा दिसत नाही. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राआधी एक-दोन सेकंद सुरू केला तर बदल खटकत नाही. संगीत हवंच असेल तर ओळखीचं सिनेमाचं गाणं उचलू नका, हक्कांचा प्रश्न येतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत वापरता येतील असे तुकडे मिळतात. आम्ही तिळांची सळसळच ठेवली.

सासूबाईंच्या वाक्यावरून मात्र घरात वाद झाला. लेक म्हणाली, "आई, तोच सगळ्यात भारी शॉट आहे. तो काढलास तर फिल्ममध्ये उरलं काय?" मला ते पटतही होतं. पण ही फिल्म सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार होती आणि तिथे आत्याचे दीर होते, नणंदा होत्या. आम्ही आत्याला कच्ची फिल्म पाठवली आणि विचारलं. तिने दुसऱ्या दिवशी फोन केला. "ते मी तुला सांगितलं गं, त्यांना नाही."

तो शॉट काढला. लेक दोन दिवस फुरंगटली होती. मग तिनेच त्या जागी चार दिवसांचे अकरा वाजताचे चार शॉट एकापुढे एक लावले. गुळगुळीत दाणा, मग खरखरीत, मग टोकं, मग पांढराशुभ्र काटा. खाली आत्याचं एकच वाक्य, "घाई केली की काटा मोडतो."

संक्रांतीला फिल्म ग्रुपवर गेली. आत्याची धाकटी नणंद सुरतेला असते. तिने रात्री आत्याला फोन केला आणि म्हणाली, "वहिनी, तुमचा हलवा आईला फार आवडायचा. आमच्याजवळ बोलायची." आत्याने हे मला सांगितलं आणि लगेच विषय बदलला, एकतारी पाकाचा शॉट थोडा अंधारा आलाय म्हणाली. आलाय खरा.

या महिन्याचा गृहपाठ

घरातल्या एका माणसाचं रोजचं एक काम निवडा. आजोबांचं दाढीचं सामान, आईचं फोडणी देणं, शेजारच्या काकांचं सायकलचं पंक्चर काढणं, काहीही. एक वाक्य लिहा, सात शॉट ठरवा, प्रत्येक दहा सेकंदांचा घ्या, पंखा बंद करा. कापून एक मिनिटाची फिल्म करा. आणि कुणालाही पाठवण्याआधी ज्यांची फिल्म आहे त्यांना दाखवा. त्यांनी नको म्हटलेला शॉट काढून टाका, मग तो कितीही भारी असो.