बंद खोलीतला गांजा आणि घरमालकाची जबाबदारी

डहाणू-तलासरीत खोली भाड्याने देणाऱ्यांना आमचं एक सांगणं आहे. गांजा आता बंद खोलीत, दिव्यांखालीही वाढवतात. पानं पिवळी पडली का, हे स्मार्ट कॅमेरा मोबाइलवर दाखवतो. म्हणजे लावणारा लांब, खोली मात्र आपल्या नावावर.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजाच्या बेकायदा लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. कलम २५ प्रमाणे जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही त्याच शिक्षेला पात्र ठरतो. ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ हे खरं असलं, तरी चौकशीची धावपळ चुकत नाही.

म्हणून करार लेखी करा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. कुलूपबंद खोलीचं वीजबिल वाढलं, तर विचारा. भाडं वेळेवर येतं, एवढ्यावर समाधान मानू नका.