‘झुळझुळ वाहणारी नदी’ आता पुरे

‘माझे गाव’ या विषयावरचे निबंध तपासताना आम्हां शिक्षकांच्या हाताला एक सवय लागून गेली आहे. ‘माझे गाव निसर्गरम्य आहे. गावाजवळून झुळझुळ नदी वाहते. नदीकाठी हिरवीगार शेते डोलतात.’ इथपर्यंत नजर सरसर जाते. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोनचार चुकांखाली तांबडी रेघ ओढायची, दहापैकी सात गुण द्यायचे आणि पुढची वही घ्यायची. २०१९ सालच्या सहामाही परीक्षेतही आम्ही हेच केले. त्यातली एक वही संगमाकाठच्या एका मुलीची होती. ऑगस्ट महिन्यात तिच्या घरात छातीएवढे पाणी होते. आई, आजी, धाकटा भाऊ आणि दोन म्हशी यांच्यासह ती आठवडाभर गंजी केंद्रात राहिली होती. (गंजी केंद्र म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला सांगावे लागेल, आपल्या वाचकांना नको.) दोन महिन्यांनी तिने निबंध लिहिला. त्यात नदी झुळझुळच वाहत होती. आणि आम्ही तिला सात गुण दिले.

त्या मुलीचे काही चुकले नाही. गुण कशाला मिळतात हे तिला ठाऊक होते आणि ते आम्हीच तिला शिकवले होते. चूक आमची आहे, आणि ती या वार्तापत्रात कबूल करावी म्हणूनच हे लिहीत आहोत.

याला जोडून वर्गातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजीच्या तासाला नदीकाठच्या एका इंग्लिश खेड्याचा उतारा वाचून दाखवला होता. दगडी पूल, चर्चचा मनोरा, जुनी पाणचक्की, काठावर चरणाऱ्या मेंढ्या. मुलांनी उतारा छान समजून घेतला. प्रश्नांची उत्तरेही बरोबर दिली. तास संपता संपता मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘सर, तिथं पूर येत नाही व्हय?’ वर्ग हसला. प्रश्न मात्र आम्हांस निरुत्तर करणारा होता, कारण त्या उताऱ्यात पूर नव्हता.

येतो. चांगला येतो. इंग्लंडमधील सेव्हर्न नदीच्या काठी वूस्टर नावाचे शहर आहे. तेथे कॅथेड्रलजवळच्या नदीकडील दरवाजाच्या भिंतीवर एकेका पुराची रेघ कोरून शेजारी साल लिहिलेले आहे. त्यात १७७० सालच्या पुराचीही खूण आहे. अडीचशे वर्षांपूर्वी पाणी कुठवर आले होते, हे तिथले शाळकरी पोर भिंतीला हात लावून सांगू शकते. इंग्रजांकडून आपण पुष्कळ गोष्टी घेतल्या. त्यांच्या खेड्यांची वर्णने पाठ केली. ही रेघ मारायची तेवढी राहून गेली.

आता आपल्या भोजकडे बघू. निपाणीहून भोजला जाणारी एसटी किंवा वडाप ज्यांनी रोज धरली आहे, त्यांना हे गाव ‘छोटे नदीकाठचे खेडे’ म्हणून वर्णन करावे असे कधी वाटलेले नसणार. पण वर्णन करण्यासारखे त्यात किती आहे! पाटगावच्या डोंगरातून, भुदरगड तालुक्यातून, गारगोटी-मुरगूड करीत आलेली वेदगंगा येथे दूधगंगेला मिळते. काळम्मावाडीच्या धरणातून सुटलेली दूधगंगा कागलच्या बाजूने येते. संगमाच्या पुढे वेदगंगेचे नाव संपते. पुढे कल्लोळ-येडूरकडे कृष्णेला मिळेपर्यंत ती दूधगंगाच. दोन नद्यांच्या मधल्या या मळीच्या जमिनीत एकेकाळी बिडीचा तंबाखू होता, ज्याच्यावर निपाणीची बाजारपेठ उभी राहिली आणि ज्याच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत झालेल्या आंदोलनात शेतकऱ्यांचे बळी गेले. आज त्याच रानात बहुतेक ऊस उभा आहे. एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत कन्नड, आणि बऱ्याच घरांत दोन्ही. घरी कन्नड बोलणारी आमची मुले नदीला ‘होळे’ म्हणतात आणि वहीत ‘सरिता’ लिहितात. ‘सरिता’ हा शब्द त्यांना कुणी शिकवला हे पुन्हा विचारू नका.

याच भोजच्या पाटील घराण्यात सातगौडा नावाचा मुलगा वाढला. जन्म १८७२ सालचा, आजोळी येळगूडला. पुढे हेच आचार्य शांतिसागर महाराज झाले. १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला, हे जैन घरांतील मुलांना ठाऊक असते. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग आहे. गावात आलेल्या मुनींना तरुण सातगौडा आपल्या खांद्यावर बसवून संगमाचे पाणी पार करून देत असे. हा प्रसंग भक्तीचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. पण आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाण्यातून पायउतार कुठे आहे, ओढ कुठल्या बाजूला आहे, कंबरेच्या वर पाणी कुठे जाते, हे त्या तरुणाला पक्के माहीत होते. माणूस खांद्यावर घेऊन चालायचे तर नदी ओळखीची लागते.

आज ती ओळख पुलाने पुसून टाकली असे कोणी म्हणेल. पूल म्हणजे तरी काय? कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड ही नावे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात येतात, ‘पाण्याखाली’ या शब्दासकट. हे मुळात पूल नव्हेत, बंधारे आहेत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा पाणी अडवण्यासाठी बांधतात. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, मागे पाणी साठवायचे, उन्हाळाभर मोटारी चालवून पिके जगवायची आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदीला वाट मोकळी करायची. वरची फळी माणसाला येण्याजाण्यापुरती, म्हणून ती ठेंगणी. त्यावरून आपण मोटारसायकली नेल्या, मग जीप नेल्या, मग उसाचे ट्रॅक्टर नेले आणि मग जुलैत तो बुडाला की पूल बुडाला म्हणून ओरडू लागलो. उंच पुलांची मागणी रास्तच आहे. तिला आमचा पाठिंबा आहे. पण बंधारा का बुडतो हे दहावी झालेल्या मुलाला सांगता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस पूल नसण्याइतकीच खटकते.

मूळ मुद्दा याहून गंभीर आहे. २००५ साली महापूर आला. त्यानंतर चौदा वर्षे नदीकाठच्या प्रत्येक घरात एक माप ठरून गेले: ‘पाच साली इथवर आलं हुतं.’ कुणाचे माप उंबऱ्याचे, कुणाचे देवळीचे, कुणाचे मारुतीच्या पायरीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले तेव्हा लोकांनी त्या मापावर भरवसा ठेवला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी जोंधळ्याची आणि सोयाबीनची पोती मापाच्या वर दोन हात रचून ठेवली होती. सगळे निर्धास्त. पाणी माप ओलांडून वर गेले. पोती भिजली ती भिजलीच. पण ‘एवढे येत नाही’ म्हणत माणसेही उशिरा निघाली, रात्रीच्या वेळी, कमरेएवढ्या पाण्यातून. कोल्हापूर, सांगली, शिरोळकडेही असेच घडले. पाच सालच्या मापाने कितीतरी घरांना फसवले. यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद पडला, तेव्हा कुठे निपाणीकरांना नदीकाठच्या गावांची आठवण झाली. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. त्या वेळी करोनामुळे शाळा बंदच होत्या, त्यामुळे गैरहजेरी लागली नाही, इतकाच फरक. २०२४ च्या जुलैतही हे बंधारे पाण्याखाली गेले.

तोंडी माप वाईट नसते. पण ते ज्याच्या तोंडात आहे तो माणूस गेला की मापही जाते. आणि ते घराघराचे वेगळे असते, घर पाडून बांधले की उंबराही वर जातो. पाच सालचा उंबरा आज किती घरांत राहिला आहे? पंचनाम्याच्या वेळी याचा फटका बसतो. २०१९ नंतर पूर्ण पडलेल्या घराला पाच लाखांची मदत जाहीर झाली आणि घरांची अ, ब, क अशी वर्गवारी झाली. कोणाचे घर कोणत्या वर्गात यावरून गावागावांत जी भांडणे झाली ती अजून पुरती मिटलेली नाहीत. पाणी कुठवर होते याची खूण गावात ठिकठिकाणी असती, तर निदान निम्मी भांडणे जागीच थांबली असती असे आम्हांस वाटते.

आपली अडचण आणखी एक आहे, ती सीमेची. पाऊस पडतो पाटगावला आणि राधानगरीला. पाणी येते भोजला. पाऊस महाराष्ट्रात, पूर कर्नाटकात. काळम्मावाडीचा विसर्ग वाढल्याची बातमी कोल्हापूरच्या पानावर येते, शाळेला सुटी बेळगावहून जाहीर होते. खाली कृष्णा तुंबली की दूधगंगेला फुगवटा येतो, म्हणजे वरचे पाणी उतरले तरी आपले उतरत नाही. मलिकवाड या काठाला, दत्तवाड त्या काठाला. दोन राज्ये, दोन तहसील, पाणी एकच. १९५६ पासून आपण नकाशावरच्या रेघेबद्दल बोलत आहोत, आणि बोलत राहू. तो प्रश्न न्यायालयात आहे. अलमट्टीच्या उंचीचा वादही आम्ही येथे काढत नाही, त्याला स्वतंत्र लेख लागेल. पण दोन्हींकडच्या कागदात आपले गाव कडेला पडते हे खरे असेल, तर आपली नोंद आपणच ठेवायला हवी.

म्हणून आम्ही शाळेपुढे आणि पालकांपुढे एक साधे काम ठेवीत आहोत. नदीकाठच्या ज्या ज्या गावांतून आपल्याकडे मुले येतात, त्या प्रत्येक गावात देऊळ, मशीद, बस्ती, शाळा, पंचायत अशा न हलणाऱ्या चार जागी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याची रेघ ऑइलपेंटने मारून साल घालावे. रेघ कुठे मारायची हे तीन जुन्या माणसांना वेगवेगळे विचारावे. तिघांचे जुळले तरच मारावी, न जुळल्यास मारू नये. आणि शाळेत एक नोंदवही ठेवावी. तीत बंधारा कोणत्या दिवशी बुडाला, कोणत्या दिवशी उघडा पडला, त्या दिवशी पाटगावचा पाऊस वर्तमानपत्रात किती आला होता, किती मुले शाळेला आली नाहीत, एवढेच. भाषा मराठी. ज्याला ‘होळे’ लिहायचे असेल त्याने ‘होळे’ लिहावे, आम्ही तांबडी रेघ ओढणार नाही.

पालकांच्या एका बैठकीत हा विचार बोलून दाखवला तेव्हा दोन हरकती आल्या. एका मावशींचे म्हणणे, ‘पोरांस्नी पाण्याजवळ धाडू नगासा.’ अगदी बरोबर. पाणी असताना कोणी मूल काठावर जाणार नाही. रेघांचे काम दसऱ्याच्या सुटीत, चिखल वाळल्यावर, मोठ्या माणसांबरोबर. बंधारा बुडाल्याची तारीख तर घरबसल्याही कळते. दुसरी हरकत अशी, की भिंतीवर पुराची रेघ असलेल्या गल्लीत जागेला भाव कोण देणार? ही हरकत घेणारे गृहस्थ स्वतः नदीकाठी प्लॉट पाडून विकतात असे मागाहून समजले. त्यांना आमच्याकडे उत्तर नाही. जो तो प्लॉट घेईल त्याच्या मुलांना आमच्याच शाळेत यायचे आहे, एवढे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक शंका आमच्याच सहकाऱ्यांची होती. मराठी माध्यमाचा पट दरवर्षी कमी होत आहे; मुले टिकवायची की रेघा मारत बसायचे? आम्हांस ही दोन कामे निराळी वाटत नाहीत. कारदग्यासारख्या गावात मराठी साहित्य संमेलन भरते, लोक चिखलवाटेने येऊन ऐकतात, ते काही ‘झुळझुळ’ ऐकायला नव्हे. आपल्या घरात शिरलेल्या पाण्याबद्दल जी भाषा चकार शब्द काढू देत नाही, ती भाषा त्या मुलीने पुढे आपल्या मुलांना कशासाठी शिकवावी?

नोंदवही घेतली आहे, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. ती शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलावर राहील. पहिल्या पानावर निबंधातल्या त्या मुलीने, जी आता कॉलेजात आहे, २०१९ च्या पाच दिवसांची हकिकत लिहून दिली आहे. सव्वादोन पाने आहेत. म्हशी कशा सोडवल्या, आजी घर सोडायला का तयार नव्हती आणि पाणी वाढते की उतरते हे पाहायला वडील पायरीवर विटेचा तुकडा कसा ठेवीत होते, हे सर्व त्यात आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका आहेत. त्या तशाच ठेवल्या आहेत.