नदी आफ्रिकेची, कथा कोणाची?

काही चित्रपट असे असतात की, त्यांच्यावर रागावणे अवघड आणि त्यांना निमूटपणे दाद देणेही अवघड. जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित 'द आफ्रिकन क्वीन' (१९५१) त्या जातीचा. आज तो पुन्हा पाहताना मन दोन दिशांना ओढले जाते.

प्रथम त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. काळ सप्टेंबर १९१४, स्थळ जर्मन पूर्व आफ्रिका. भावाच्या मृत्यूने एकाकी झालेली प्रौढ मिशनरी स्त्री रोझ आणि जिनच्या बाटलीत रमलेला कळकट नावाडी चार्ली ऑलनट, एका जुनाट वाफेच्या होडीतून जर्मन युद्धनौका बुडवायला निघतात. ना तारुण्याचा तोरा, ना देहप्रदर्शन. जळवांची शिसारी असलेला चार्ली होडी ओढण्यासाठी पुन्हा त्याच पाण्यात उतरतो, तो प्रसंग आठवावा. कर्तव्यातून फुललेले प्रेम इतक्या निर्मळपणे पडद्यावर क्वचितच आले असेल. कॅथरीन हेपबर्नचा अभिनय त्याच तोलाचा, आणि हम्फ्री बोगार्टला आयुष्यातील एकमेव ऑस्कर मिळाले तेही याच भूमिकेसाठी.

परंतु आरंभीची काही मिनिटे पाहा. चर्चमध्ये गावकऱ्यांकडून स्तोत्र गाऊन घेतले जात आहे. ना शब्द कळतात, ना सूर जुळतात. बाहेर चार्लीने फेकलेल्या चिरुटाच्या थोटकासाठी झोंबाझोंबी होते. प्रेक्षक हसतो. हा विनोद पाद्र्याच्या अट्टहासावरही आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. मात्र पाद्र्याला नाव आहे, वेदना आहे, मृत्यू आणि थडगेही आहे. गावकऱ्यांना यांपैकी काहीही नाही. जर्मन सैनिक त्यांच्या झोपड्या पेटवतात, त्यांना हाकलून नेतात आणि पटकथेच्या लेखी ती माणसे तेथेच संपतात. उरतो तो रम्य देखावा: नदी, पाणघोडे, मगरी आणि दोन गोरे जीव.

वस्तुस्थिती काय होती? पूर्व आफ्रिकेतील त्या युद्धात ब्रिटिशांसाठी ओझी वाहताना मेलेल्या आफ्रिकी हमालांची संख्या इतिहासकारांच्या अंदाजाने सुमारे ९५ हजार आहे. रोग, उपासमार आणि थकवा यांनी ते गेले. त्याआधी १९०५ ते १९०७ या काळात जर्मन सत्तेविरुद्ध उसळलेला माजी माजी उठाव रक्तात बुडवला गेला होता. ज्या 'लुइसा' नौकेभोवती कथा फिरते, तिच्यामागे टांगानिका सरोवरातील 'ग्राफ फॉन ग्योत्सेन' ही खरी नौका असल्याचे मानले जाते. तिला कोणा प्रेमी युगुलाने बुडवले नाही. १९१६ मध्ये जर्मनांनीच तिला जलसमाधी दिली. पुढे ती वर काढली गेली आणि 'लिएम्बा' नावाने अनेक दशके उतारू वाहत राहिली.

आणि आपण? ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून जे सैन्य निघाले, ते याच भूमीवर टांगा येथे उतरले. त्यात काश्मीर संस्थानचे आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानचे पायदळही होते. नोव्हेंबरमध्ये संख्येने कितीतरी लहान असलेल्या जर्मन फौजेसमोर ब्रिटिश सेनानींच्या ढिसाळ नियोजनापायी या सैन्याचा दारुण पराभव झाला. परक्याच्या साम्राज्यासाठी परमुलुखात पडलेल्या त्या जवानांचे नाव आपल्या किती घरांत घेतले जाते?

"करमणुकीत इतिहास कशाला शोधता?" हा ठरलेला प्रश्न येईल. उत्तर सोपे आहे. पाठ्यपुस्तक परीक्षेनंतर विसरले जाते, चित्रपट जन्मभर सोबत राहतो. आफ्रिका म्हणताच पाणघोडा आठवतो, माणूस आठवत नाही, ही अशाच करमणुकीची करणी आहे. हाच चष्मा हॉलिवूडने भारतासाठीही वापरला, हे आपण जाणतो. आपल्यावर रोखलेली ती नजर बोचत असेल, तर तीच नजर दुसऱ्यावर रोखलेली असताना टाळ्या पिटणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून चित्रपटावर बहिष्कार टाकावा काय? मुळीच नाही. तो मुलांसह अवश्य पाहावा, बोगार्टला मनमुराद दाद द्यावी आणि चित्रपट संपल्यावर त्यांना एकच विचारावे, "त्या गावातील माणसांचे पुढे काय झाले असेल?" तक्रार करणे सोपे असते. परंतु कथेला खरे उत्तर कथेनेच द्यावे लागते. टांगाच्या किनाऱ्यावरील आपल्या जवानांची कथा तितक्याच ताकदीने सांगणारा दिग्दर्शक आपल्यातून निघेल, तेव्हाच हा हिशेब पुरा होईल.