पुसण्याच्या आज्ञेची भाषा



मोबाईलमधील एखाद्या अ‍ॅपची माहिती उघडली म्हणजे दोन सूचना जवळजवळ दिसतात. एक ‘कॅशे साफ करा’ आणि दुसरी ‘डेटा साफ करा’. पहिलीने केवळ तात्पुरत्या प्रती जातात, व त्या गरजेप्रमाणे पुन्हा तयार होतात. दुसरीने त्या अ‍ॅपने मोबाईलमध्ये साठविलेले सारेच जाते. माणूस बोट टेकण्यापूर्वी क्षणभर थबकतो, कोणा जाणत्याला विचारतो. परंतु हे पुसण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाकडे, म्हणजे आपण होऊन आज्ञा चालविणाऱ्या संगणकीय मदतनीसाकडे, सोपविले जाऊ लागले आहे. त्याच्यासाठी लिहावयाची सूचना कशी असावी, याचा आज विचार करू.

प्रथम कॅशे म्हणजे काय ते पाहू. दूरच्या मूळ संगणकावरून तीच माहिती वारंवार आणण्यात वेळ जातो. म्हणून तिची एक प्रत जवळ ठेवतात. सोय मोठी आहे, पण मूळ बदलले तरी प्रत काही काळ जुनीच राहते. आपल्याच प्रदेशाचे पाहा. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एक झाले. समजा, सिल्वासातील एखाद्या कारखान्याने त्या दिवशी आपल्या संकेतस्थळावरील पत्त्यात प्रदेशाचे नाव सुधारले. तरीही ज्याच्या यंत्रात आदल्या दिवसाची प्रत असेल, त्यास जुनेच नाव दिसावयाचे. ती प्रत पुसली की नवे नाव येते. कॅशे साफ करणाऱ्या साधनाचे काम एवढेच.

एजंट हे साधन निवडतो कसा? ॲन्थ्रोपिक या संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्यास कोणती माहिती पुरवावयाची, हे एजंटापुढे मांडले जाते. साधनाच्या आतील रचना त्याला सहसा दिसत नाही. तो त्या वर्णनावर विसंबतो. म्हणून वर्णनात जे लिहावयाचे राहिले, ते त्याच्या लेखी नाहीच.

याचा अर्थ किती गंभीर होऊ शकतो, हे २०२५ च्या अखेरीस दिसले. गूगलच्या अँटिग्रॅव्हिटी या साधनातील एजंटास एका वापरकर्त्याने आपल्या कामाचे कॅशे साफ करावयास सांगितले. एजंटाने एक फोल्डर पुसण्याऐवजी संगणकाचा एक संपूर्ण ड्राइव्हच पुसला. मागाहून त्याने क्षमायाचनाही केली. पण क्षमायाचनेने गेलेल्या फाइली परत येत नाहीत.

तेव्हा अशा साधनाची नोंद लिहिताना मर्यादा आधी सांगावी. ‘कॅशे साफ करते’ एवढे लिहून भागत नाही. ‘हे साधन दिलेल्या एकाच पृष्ठाची साठविलेली प्रत पुसते, मूळ माहितीस हात लावत नाही, पृष्ठाचा पत्ता दिला नसल्यास काहीही न पुसता थांबते’, असे स्पष्ट लिहावे. पुसलेले परत येते की नाही, तीच आज्ञा दोनदा चालली तर काय होते, आणि काम झाल्यावर काय काय पुसले हे कसे कळते, याचीही नोंद हवी. सारेच पुसण्याची सोय ठेवावयाची असल्यास तिला वेगळे नाव द्यावे, व माणसाच्या संमतीवाचून ती चालू नये.

प्रती पुन्हा तयार होतात, तेव्हा सर्व पुसले म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुक सुमारे अडीच तास बंद पडले होते. कॅशेमधील चुकीची नोंद आपोआप दुरुस्त करणारी तेथील व्यवस्था मूळ साठ्याकडे वळली. पण त्या वेळी मूळ साठ्यातील नोंदच सदोष होती. असंख्य यंत्रे पुनःपुन्हा तेथेच विचारणा करू लागली आणि तो भार मूळ साठ्यास पेलवेना. म्हणून ‘एकदा पुसूनही दोष राहिला तर पुन्हा पुसू नका, माणसास कळवा’, हे वाक्यही नोंदीत असलेच पाहिजे.

तथापि केवळ लिखाणावर विसंबू नये. उपर्युक्त पद्धतीत ‘हे साधन विनाशक आहे’ अशी खूण जोडता येते, पण ती सूचनामात्र असते, कुलूप नव्हे. एजंटाला पोहोचता येऊ नये, अशा जागेचा अधिकार त्यास मुळातच देऊ नये.

आपल्यातील जे तरुण संगणकाच्या कामात आहेत, त्यांना अशा नोंदी लिहिण्याचा प्रसंग येईल. हे काम कंटाळवाणे वाटते व बहुधा शेवटच्या घटकेला उरकले जाते. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, नोंद वाचणारा शंका विचारावयास आपल्याकडे येईलच असे नाही, आणि तो जे पुसणार आहे त्यात कोणाच्या तरी वर्षानुवर्षांच्या श्रमांचे फळ असू शकते.